नागरी नेतृत्व परिषद मुंबईबाहेर नेताना

महाराष्ट्रात आज 29 महानगरपालिका आहेत, पण शहरांच्या कारभारावर आणि नेतृत्वावर विचार करणाऱ्या परिषदा पाहिल्या तर त्यांतील बहुतेक नरिमन पॉइंट ते पवई एवढ्याच पट्ट्यात भरताना दिसतात. याला कारणेही आहेत. मंत्रालय येथे आहे, 1926 साली सुरू झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा जन्म येथला, टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला आणि आयआयटी पवईला, शिवाय प्रायोजक कंपन्यांची मुख्यालयेही हाकेच्या अंतरावर. त्यामुळे सोलापूरचा, लातूरचा किंवा सांगलीचा नगरसेवक रात्रीच्या गाडीने दादरला उतरतो, कोणा नातेवाइकाकडे अंघोळ उरकून सभागृह गाठतो, दिवसभर किनारी मार्ग, मेट्रो आणि चटईक्षेत्र निर्देशांक यांवरची चर्चा ऐकतो आणि रात्रीच्याच गाडीने परततो. त्याच्या प्रभागात नळाला रोज पाणी येत नाही, हा विषय दिवसभरात कोणी काढलेलाच नसतो.

मुंबईचा अनुभव बाहेर निरुपयोगी आहे असे नाही, मात्र तो जसाच्या तसा कोठेच बसत नाही. मुंबई महापालिका 1888 च्या स्वतःच्या अधिनियमावर चालते, इतर महापालिकांना 1949 चा अधिनियम लागू आहे आणि नगरपरिषदांना 1965 चा. मुंबईचे 2025-26 चे अंदाजपत्रक 74 हजार कोटी रुपयांच्या पुढे होते. मध्यम शहरांची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी 2015 साली उठला, आणि आता राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे दर महिन्याला डोळे लावून बसावे लागते. अशा शहराच्या महापौराला मुंबईच्या खर्चाचे आराखडे दाखवून फारसे काही साधत नाही. म्हणून मुंबईतील ज्या संस्थांना शहरांच्या नेतृत्वाविषयी मनापासून काही करायचे आहे, त्यांनी आपली वार्षिक परिषद एखाद्या मध्यम शहरात न्यावी. ती कशी न्यावी, यासंबंधी काही सूचना पुढे केल्या आहेत. उदाहरण म्हणून सोलापूर घेतले आहे, कारण ते मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या घरात होती, आणि मध्यम शहराचे जवळपास सगळे प्रश्न तेथे एकत्र सापडतात.

आधी प्रश्न, मग सभागृह

परिषद बाहेर न्यायची म्हटले की मुंबईतील समितीच्या पहिल्याच बैठकीत सभागृहाची क्षमता, हॉटेलांच्या खोल्या आणि उद्घाटक मंत्री या तीन गोष्टींवर बोलणे सुरू होते. विषय मागाहून ठरतो, आणि तोही इतका ऐसपैस ठरतो की त्यात कोणतेही भाषण बसावे. हा क्रम उलटा करावा. ज्या शहरात जायचे तेथील महापालिकेला, म्हणजे महापौर, आयुक्त, विरोधी पक्षनेता आणि शहर अभियंता या चौघांना वेगवेगळे भेटून एकच गोष्ट विचारावी: गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडून न सुटलेला असा कोणता प्रश्न आहे, जो तुमच्याएवढ्याच दुसऱ्या एखाद्या शहराने सोडवला असेल असे तुम्हाला वाटते? उत्तर लेखी घ्यावे, अर्ध्या पानाचे असले तरी चालेल. चौघांची उत्तरे शब्दशः जुळणार नाहीत, पण त्यांत एखादा समान धागा मिळतो आणि तोच परिषदेचा विषय करावा.

सोलापुरात हा धागा बहुधा पाण्यापर्यंत जाईल. उजनीसारखे मोठे धरण जिल्ह्यात असताना शहराला वर्षानुवर्षे रोज पाणी मिळालेले नाही. ते का, याचे उत्तर जलवाहिनी, साठवण टाक्या, गळती, जुना गावठाण भाग आणि हद्दवाढ भाग यांतील तफावत, वीजपुरवठा आणि पाणीपट्टीची वसुली अशा अनेक ठिकाणी विखुरलेले आहे. परिषदेचा विषय ‘शाश्वत शहरे आणि नेतृत्व’ असा ठेवला तर यातले काहीच समोर येणार नाही. ‘रोज पाणी देण्यासाठी महापालिकेत कोणी कोणता निर्णय घ्यावा लागतो’ असा ठेवला, तर वक्ते कोण हवेत, पाहणी कोठे करायची आणि कोणाला बोलवायचे हे आपोआप ठरत जाते. विषय अरुंद वाटेल अशी भीती मुंबईकर सदस्यांना वाटते. ती निराधार आहे, कारण नगरसेवकांना पाण्याइतका रुंद विषय दुसरा नसतो.

शहर निवडताना आणखी दोन बाबी तपासाव्यात. पहिली, तेथे परिषदेनंतरही विषय धरून ठेवणारी एखादी संस्था आहे का? विद्यापीठाचा विभाग, अभियांत्रिकी महाविद्यालय, वास्तुविशारदांची संघटना, ग्राहक पंचायत, काहीही चालेल. दुसरी बाब आयुक्तांच्या बदलीची. राज्याच्या 2005 च्या बदल्यांविषयीच्या कायद्यात साधारण पदावधी तीन वर्षांचा आहे, पण आयुक्त त्याआधीच बदलून गेल्याची उदाहरणे प्रत्येक शहरात सांगता येतील. निमंत्रण देणारे आयुक्त वेगळे आणि स्वागत करणारे वेगळे, हे गृहीत धरूनच चालावे. म्हणून सगळा भार आयुक्तांच्या उत्साहावर न टाकता, एखादा उपायुक्त आणि शहर अभियंता यांच्याशी सुरुवातीपासून संबंध ठेवावा. ही माणसे बहुधा जागेवर असतात आणि फाइल कोठे आहे हे त्यांनाच ठाऊक असते.

बोलावणे शहराचे असावे

मुंबईच्या संस्थेने परस्पर जाहिरात देऊन सोलापुरात परिषद भरवली, तर सोलापूरकर पाहुण्यासारखे येतील आणि पाहुण्यासारखेच जातील. यजमानपद महापालिकेकडे असावे, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्यावा. ठरावाला वेळ लागतो, विषयपत्रिकेवर विषय यावा लागतो, कधी सभाच तहकूब होते. तरी हा मार्ग सोडू नये. ठरावामुळे दोन फायदे होतात. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही परिषदेशी बांधले जातात, आणि कर्मचाऱ्यांना काम सोपवताना आयुक्तांना आधार मिळतो. 2022 नंतर राज्यातील बहुतेक महापालिकांवर काही वर्षे प्रशासक होते, त्या काळात परिषदेसाठी आयुक्तांची एक सही पुरत असे. ते सोयीचे होते यात शंका नाही, पण ज्यांना निवडून यायचे आहे त्यांचा शब्द मागे नसलेल्या परिषदेतून निघालेला निर्णय पुढे कोणी अंगावर घेत नाही.

महापालिकेकडे रोख रक्कम मात्र मागू नये. परिषदेवर खर्च केला की लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची शक्यता असते आणि तो आक्षेप पुढे एखाद्या लिपिकाच्या निवृत्तिवेतनाआड येतो. त्याऐवजी सोयी मागाव्यात: सभागृह, पिण्याचे पाणी, स्वच्छता, अग्निशमन दलाची गाडी, पाहणीसाठी परिवहनची बस आणि दोन दिवस उपलब्ध असणारे पाच-सहा कर्मचारी. सोलापुरात महापालिकेचे हुतात्मा स्मृती मंदिर आहे, शिवाय डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृहही आहे. मोठे सभागृह पाहून उद्घाटन तेथे घ्यावे आणि गटचर्चा एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गांत, कारण नाट्यगृहाच्या खिळवलेल्या खुर्च्यांवर बसून कोणीही एकमेकांशी बोलू शकत नाही.

दुसरे कागद मुंबईतच मिळवायचे असतात आणि त्यासाठी मंत्रालयात चकरा मारणे आलेच. अन्य शहरांतील आयुक्त, मुख्याधिकारी आणि अभियंते यांनी यावे असे वाटत असेल, तर नगर विकास विभागाकडून आणि नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडून पत्र निघाले पाहिजे, आणि त्यात परिषदेचे दिवस कर्तव्यकाळ समजण्यात यावेत असे वाक्य असले पाहिजे. ते वाक्य नसेल तर अधिकारी रजा टाकून येणार नाही, आणि आला तरी प्रवासभत्त्याचे देयक अडकेल. पत्राचा मसुदा आपणच तयार करून न्यावा. मसुदा सोबत असला की टिपणी लवकर वर जाते.

तारीख

तारखेवर जितका विचार करावा तितका थोडा. फेब्रुवारी आणि मार्च पूर्ण वगळावेत, कारण महापालिकेचे अंदाजपत्रक आणि मालमत्ता कराची वसुली या दोन्ही गोष्टी तेव्हा ऐन भरात असतात, आणि विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन मुंबईत चालू असल्यामुळे सचिव आणि आमदार कोणीही मिळत नाहीत. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बदल्यांचा मोसमही तोच. जून-जुलैत पावसाळी अधिवेशन असते. त्यातच आषाढी येते, आणि पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात असल्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांपासून पोलीस शिपायापर्यंत सगळी यंत्रणा वारीत गुंतलेली असते. कार्तिकीलाही तेच. डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन, आणि जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा. या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात बाहेरची परिषद ठेवणे म्हणजे गावाच्या लग्नात आपली वेगळी पंगत मांडण्यासारखे आहे.

एवढे वगळून हातात राहतात ते ऑगस्टचा उत्तरार्ध, गणेशोत्सव आणि दिवाळी यांच्या मधले काही आठवडे, कार्तिकीनंतरचे थोडे दिवस आणि जानेवारीची अखेर. यातील पहिला पर्याय पाण्याच्या विषयाला बरा, कारण धरणात पाणी आलेले असूनही नळाला का नाही, हा प्रश्न तेव्हा अधिक टोकदारपणे विचारता येतो. कोणतीही तारीख ठरवताना निवडणूक आचारसंहितेची शक्यता पाहावी आणि एक पर्यायी तारीख ठरावातच नोंदवून ठेवावी.

वार ठरवताना गाडीचे वेळापत्रक समोर ठेवावे. मुंबईहून सोलापूर रेल्वेने सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटून सकाळी पोहोचते. 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झालेली वंदे भारत दुपारनंतर मुंबईहून निघून रात्री सोलापुरात येते आणि परतीला सकाळी निघते. आठवड्यातून एकदा ती नसते, तो दिवस आधी पाहून घ्यावा. वयस्कर वक्त्यांना वंदे भारतने आदल्या दिवशी आणावे. विमानावर अवलंबून संपूर्ण कार्यक्रम बेतू नये.

पैशाचे गणित

येथे मुंबईतील संस्था हमखास एका गोष्टीवर विसंबतात: एखाद्या कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून परिषद करून घेऊ. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खालचा हा निधी परिषदेसारख्या एकदाच होणाऱ्या कार्यक्रमासाठी वापरणे अडचणीचे आहे. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 18 जून 2014 च्या परिपत्रकात मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, प्रायोजकत्व असे एकवेळचे खर्च या निधीत धरले जाणार नाहीत, असे स्पष्ट केले होते. म्हणून कंपनीकडे जाताना परिषदेसाठी वेगळे प्रायोजकत्व मागावे, जे कंपनी आपल्या प्रसिद्धीच्या खर्चातून देईल, आणि सामाजिक निधी मागायचाच असेल तर परिषदेनंतर वर्षभर चालणाऱ्या नगरसेवक प्रशिक्षणासारख्या प्रत्यक्ष कामासाठी मागावा. ज्या कंपनीची निविदा त्याच महापालिकेत प्रलंबित आहे तिचे पैसे घेऊ नयेत. जलवाहिनीच्या पाइपांचा पुरवठादार पाणी परिषदेचा मुख्य प्रायोजक असला, तर स्थानिक वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी काय छापेल हे सांगायला नको.

प्रतिनिधी शुल्क ठेवावे, पण नगरपरिषदेला पेलेल एवढेच. पावती महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नावाने लागते, व्यक्तीच्या नावाने काढली तर परतावा मिळत नाही. ही बाब नोंदणी अर्जावरच विचारून घ्यावी. जीएसटीचे काय करायचे हे आपल्या लेखापालाला पहिल्याच आठवड्यात विचारावे. खर्चात मांडवापेक्षा अनुवाद, मुद्रण आणि पाहणीची वाहने यांना प्राधान्य द्यावे. फ्लेक्सवर शक्य तितका कमी खर्च करावा, कारण बेकायदा फलकांविरुद्ध कारवाई करणाऱ्या महापालिकेच्या दारातच आपले विनापरवाना फलक लागलेले असणे शोभत नाही.

कार्यक्रम आखताना

उद्घाटन 45 मिनिटांत संपले पाहिजे, हे लिहायला सोपे आणि पाळायला कमालीचे अवघड आहे. राजशिष्टाचारानुसार पालकमंत्री, महापौर, खासदार, आमदार, जिल्हाधिकारी, आयुक्त, कुलगुरू अशी यादी वाढत जाते, प्रत्येकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, आणि दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करायचा की नाही यावरही पाच मिनिटे जातात. यावर एक उपाय बऱ्यापैकी लागू पडतो. मंचावर चारच खुर्च्या ठेवाव्यात, बाकी मान्यवरांना पहिल्या रांगेत मानाने बसवून सूत्रसंचालकाने त्यांची नावे पदांसह एकदा घ्यावीत, आणि सत्कार उद्घाटनात न करता आदल्या रात्रीच्या जेवणाच्या वेळी उरकून घ्यावेत. ज्याचे भाषण आहे त्याच्या कार्यालयाला आठवडाभर आधी वेळ लेखी कळवावी. मंत्री उशिरा येणार असतील तर त्यांच्यासाठी सभागृह थांबवून ठेवू नये, पहिले सत्र सुरू करावे आणि ते आल्यावर सत्र संपताना त्यांचे भाषण घ्यावे. यावर कोणी रागावल्याचे फारसे ऐकिवात नाही. थांबवून ठेवलेले सभागृह मात्र नक्की रागावते.

वक्त्यांत मुंबईचे निम्म्याहून कमी असावेत, आणि जे असतील त्यांनी श्रोत्यांच्या बाकांवर पूर्ण दोन दिवस बसण्याची अट मान्य केलेली असावी. विषयाला उपयोगी पडतील असे लोक लहान शहरांत आहेत. कराडजवळच्या मलकापूरने घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, त्यासाठी दरपत्रक कसे ठरवले हे तेथील अभियंत्याने आणि तेव्हाच्या पदाधिकाऱ्याने मिळून सांगावे. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या आठवड्यांत महापालिकेत रोज सकाळी कोण काय ठरवत असे, हे ऐकणे कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाचे ठरेल. कचऱ्याचा विषय असता तर वेंगुर्ल्याचे नाव घ्यावेच लागले असते, जेथे कचरा डेपोची जागा लोकांनी पाहायला जावे अशी झाली. यशाबरोबर फसलेले कामही सांगायला लावावे. त्यासाठी वक्त्याला निमंत्रणपत्रातच तीन मुद्दे लिहून द्यावेत: काय ठरवले होते, कोठे अडले, आणि अडल्यावर कोणी कोणता निर्णय घेतला. एवढे दिले की संस्थेच्या कार्याची ओळख करून देणाऱ्या चकचकीत स्लाइड आपोआप गळतात.

नेतृत्व हा शब्द परिषदेच्या नावात असल्यामुळे नेतृत्वाच्या चौकटीविषयी एक सत्र हवेच. शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणारी 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली आणि या संस्थांकडे सोपवता येतील असे 18 विषय बाराव्या अनुसूचीत आले, पण महाराष्ट्रात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे राहिले आणि महापौरांकडे अडीच वर्षांची मुदत व सभागृहाचे अध्यक्षपद. 1998 साली मुंबईत महापौर परिषदेचा, म्हणजे कार्यकारी अधिकार महापौर आणि त्यांच्या सहकारी नगरसेवकांच्या मंडळाकडे देण्याचा, प्रयोग सुरू झाला आणि वर्षभरात गुंडाळला गेला. तो का गुंडाळला, याची चर्चा मुंबईत कोणी करत नाही. मध्यम शहरातील महापौर ती आवडीने करतील, कारण आपल्या हाती काय आहे आणि काय नाही हे ते रोज अनुभवत असतात. हे सत्र आयुक्त आणि महापौर यांना एकाच मंचावर बसवून घ्यावे. सूत्रधार मात्र दोघांपैकी कोणाच्याही शहराचा नसावा.

आता भाषेविषयी. कामकाज मराठीतच चालवावे. बाहेरच्या राज्यातील वक्ता असेल तर त्याचे भाषण टप्प्याटप्प्याने अनुवादित करणारा माणूस ठेवावा, आणि त्याने विषयाचे शब्द आधी वाचलेले असावेत. ‘नॉन-रेव्हेन्यू वॉटर’ म्हणजे ज्याची पाणीपट्टी मिळत नाही असे पाणी, एवढे साधे सांगितले की पुढची चर्चा सगळ्यांची होते. सोलापुरात घराघरांत तेलुगू आणि कन्नडही बोलली जाते, उर्दूही आहे. वस्तीतील महिलांशी गटचर्चा ठेवायची असेल तर या भाषा येणारे स्थानिक विद्यार्थी सोबत घ्यावेत.

राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमधील निम्म्या जागा 2011 पासून महिलांसाठी राखीव आहेत. परिषदेच्या नोंदणीत हे प्रमाण दिसते, सभागृहात दिसत नाही, कारण नगरसेविकेच्या खुर्चीवर तिचे पती येऊन बसतात. नोंदणी टेबलावर ओळखपत्र पाहूनच बिल्ला द्यावा आणि सोबत आलेल्या पतिराजांची चहापाण्यासह वेगळी व्यवस्था बाहेर करावी. हे नम्रपणे, हसतमुखाने, पण अपवाद न करता पाळले पाहिजे. पाळणाघराची सोय आहे असे निमंत्रणातच लिहावे. गटचर्चेत पहिल्या तीन वक्त्या महिला असतील असा नियम सूत्रधाराला सांगून ठेवावा. नंतर बोलण्याची वेळ येते तेव्हा वेळ संपलेली असते.

पाहणी

परिषदेचा एक पूर्ण अर्धा दिवस सभागृहाबाहेर काढावा आणि तो पहिल्या दिवशी असावा. शेवटच्या दिवशी ठेवलेली पाहणी म्हणजे सहल होते, आणि अर्धे लोक स्टेशनवर निघून गेलेले असतात.

वीस-वीस जणांचे गट करावेत. एका गटाने पाण्याबरोबर चालावे: जलशुद्धीकरण केंद्र, मग साठवण टाकी, मग एखाद्या गल्लीत व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला. मध्यम शहराच्या पाण्याचे खरे वेळापत्रक बहुधा या माणसाच्या डोक्यात आणि खिशातल्या वहीत असते. तो लांब दांड्याची लोखंडी चावी खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर बसवतो, ठरावीक आटे फिरवतो आणि कान देऊन पाइपातला आवाज ऐकतो. वरच्या गल्लीला दाब मिळावा म्हणून खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती आटे बंद ठेवायचा, हे त्याला कोणत्याही नकाशावाचून ठाऊक असते. नगरसेवकांनी त्याला कोणाच्या फोनवरून व्हॉल्व्ह आधी उघडावा लागतो, हेही विचारावे. उत्तर मिळेलच असे नाही, पण प्रश्न विचारला जाताना त्याच्या चेहऱ्याकडे आणि सोबतच्या अभियंत्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. या माणसाला दुसऱ्या दिवशी सभागृहात बोलावून मंचावर बसवण्याचा मोह काही आयोजकांना होतो. वरिष्ठांसमोर तो मोकळे बोलणार नाही, आणि बोलला तर नंतर त्यालाच जड जाईल. म्हणून हे टाळावे.

दुसऱ्या गटाला कुंभारीजवळच्या रे नगरला न्यावे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा असंघटित कामगारांसाठी आखलेल्या 30 हजार घरांच्या या वसाहतीतील 15 हजार घरांचे लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झाले. गृहनिर्माणाचे यश म्हणून तिची चर्चा पुष्कळ होते. परिषदेने पाहायची बाब वेगळी आहे: ही वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, राहणारे शहरात कामाला येतात, आणि एवढ्या वस्तीचे पाणी, बस, शाळा व दवाखाना यांची जबाबदारी शहराची, ग्रामपंचायतीची की राज्याची, हा प्रश्न प्रत्येक वाढत्या शहराला आज ना उद्या पडणारच आहे. घरांत जाण्यापूर्वी राहणाऱ्यांची संमती घ्यावी, फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि स्वयंपाकघरात डोकावून ‘छान आहे हो’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना आधीच समज द्यावी.

तिसऱ्या गटासाठी सोपे पण बोलके ठिकाण आहे विमानतळाचा परिसर. विमानसेवेच्या आड येणारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली. विमान हवे की कारखाना, यावर शहरात वर्षानुवर्षे दोन तट होते. दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाला तेथेच बोलते करावे आणि प्रतिनिधींना विचारावे, तुम्ही महापौर असता तर पहिली बैठक कोणाबरोबर घेतली असती? शहराच्या इतिहासात रस असणाऱ्यांना इंद्रभुवन ही महापालिकेची देखणी इमारत दाखवावी आणि 1930 साली याच शहराच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला होता, हेही सांगावे. नगरपालिकेने काय ठरवले तर काय होऊ शकते, याचे एवढे ठळक उदाहरण राज्यात क्वचितच सापडेल.

जेवणाबाबत फार लिहिण्याची गरज नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि हंगाम असेल तर हुरडा एवढे महिला बचत गटांकडे सोपवले की प्रतिनिधी खूश असतात आणि बिलही आवाक्यात राहते.

परिषद उठल्यावर

बहुतेक परिषदांचे शेवटचे सत्र ठरावांचे असते आणि ठराव सरकारला उद्देशून असतात. ते वाचले जातात, टाळ्या पडतात, आणि मंत्रालयात ती प्रत कोणत्या टेबलावर पडते हे कोणी पाहत नाही. त्याऐवजी यजमान महापालिकेने स्वतःच्या अधिकारात करता येतील अशी तीनच कामे जाहीर करावीत, प्रत्येकापुढे अधिकाऱ्याचे पदनाम आणि महिना लिहावा. उदाहरणार्थ, एका जलक्षेत्रात कोणत्या दिवशी किती वाजता पाणी येईल हे वेळापत्रक वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर आणि व्हॉट्सॲपवर लावणे. त्या क्षेत्रातील गळतीची मोजणी करणे. आणि त्या मोजणीचा अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे. रोज पाणी देऊ, असे आश्वासन कोणाला मंचावरून देऊ देऊ नये.

मुंबईतील संस्थेची जबाबदारी येथे संपत नाही. परिषदेचे इतिवृत्त पंधरा दिवसांत मराठीत तयार करून त्या तीन कामांपुढे ज्यांचे पदनाम आहे त्या प्रत्येकाला पाठवावे. स्थानिक पत्रकारांना त्याची प्रत मुंबईच्या वृत्तपत्रांच्या आधी द्यावी, कारण तीन महिन्यांनी पाठपुरावा करणारे तेच असतात. जमाखर्च महापालिकेला लेखी सादर करावा, उरलेली रक्कम असल्यास ती स्थानिक महाविद्यालयाच्या गळती मोजणीच्या कामाला द्यावी. आणि सहाव्या महिन्यात संस्थेच्या दोघांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जाऊन शहर अभियंत्याच्या दालनात एक बैठक घ्यावी, ज्यात मंच नसेल, हार नसतील, फक्त त्या तीन कामांचा कागद टेबलावर असेल. त्या बैठकीचा प्रवासखर्च परिषदेच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी वेगळा काढून ठेवावा, नाहीतर सहाव्या महिन्यात तो कोठूनच निघत नाही.